बँकेच्या शतकमहोत्सवी ग्रंथासाठी इतिहास कसा उभा करावा

शंभरी गाठणाऱ्या नागरी सहकारी बँकेचा इतिहास लिहायला बसलं की पहिला पेच जन्मतारखेचा पडतो. एकाच बँकेच्या चार तारखा निघतात: संस्थापकांची पहिली बैठक, पतपेढी म्हणून झालेली नोंदणी, ‘बँक’ हे नाव मिळालं तो दिवस आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना. सारस्वत बँकच पाहा. सहकारी संस्था म्हणून ती १४ सप्टेंबर १९१८ ला सुरू झाली, बँक झाली १९३३ मध्ये. परवान्याची तारीख तर १ मार्च १९६६ नंतरचीच असणार, कारण बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना त्या दिवसापासून लागू झाला. म्हणून चारही तारखा पुराव्याच्या कागदासह द्याव्यात आणि शंभर वर्षं कुठून मोजली तेही लिहावं. नोंदणी प्रमाणपत्रावर सहकारी कायद्याचा उल्लेख असतो. तो १९०४ चा आहे, १९१२ चा की १९२५ चा मुंबई कायदा, यावरून तारखेचा ताळा घेता येतो. नोंदणीआधी संस्था नसतेच असंही नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली १८८९ मध्ये. सहकाराचा कायदा आला त्यानंतर १५ वर्षांनी.

मग दप्तर. लागतात ते कागद असे: संचालक मंडळाची आणि वार्षिक सभेची इतिवृत्तं, सभासद रजिस्टर, पोटनियमांची प्रत्येक दुरुस्ती, छापील अहवाल, लेखापरीक्षण अहवाल. जुनी वही उघडण्याआधी गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नये. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरासकट कागद खातो. पानाचा फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून घ्यावा आणि फाइलच्या नावात वही क्रमांक, पान क्रमांक आणि सभेची तारीख घालावी. ही शिस्त पहिल्या दिवशी लावली नाही तर सहा महिन्यांनी कोणता ठराव कोणत्या वहीतला हे कुणालाच सांगता येत नाही.

सुरुवातीच्या काही वह्या मोडीत असू शकतात. तिथे अंदाजाने वाचू नये. मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळे लिहीत नाहीत, शब्द तोडत नाहीत, आणि लिहिणारा बदलला की वळण बदलतं. आडनावं इथेच चुकतात आणि मग संस्थापकाच्या नातवाचा फोन येतो. मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं आणि प्रत्येक नाव सभासद रजिस्टरातल्या सहीशी ताडून पाहावं.

वह्या नसतीलच तर? पुण्यातल्या पेठांमधल्या संस्थांनी आधी विचारावं की १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात काय गेलं. मूळ गेलं तरी नकला दुसरीकडे असतात: सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात पोटनियम, लेखापरीक्षकांकडे तपासणी अहवाल, ‘केसरी’ किंवा ‘ज्ञानप्रकाश’च्या जुन्या अंकांत सभेच्या सूचना आणि ठेवींच्या जाहिराती.

आता आकडे, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. १ एप्रिल १९५७ पूर्वीची रक्कम रुपये-आणे-पैमध्ये असते (१६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा). रु. १,२८४-१०-६ म्हणजे १,२८४ रुपये १० आणे ६ पै, आजच्या हिशेबात १,२८४.६६, कित्येक तक्त्यांत ते १,२८४.१०६ असं छापलं जातं. दुसरी गोष्ट, सहकारी वर्ष पूर्वी ३० जूनला संपायचं, आता ३१ मार्चला. वर्ष बदललं त्या अहवालातला नफा १२ महिन्यांचा नसतो, म्हणून त्या ओळीखाली टीप हवीच. तिसरी, ‘थकबाकी’ आणि ‘एनपीए’ (अनुत्पादक कर्ज) एका रकान्यात घालू नयेत. थकबाकीत मुदत उलटलेली रक्कम धरतात, एनपीएत त्या खात्याचं पूर्ण येणं. शिवाय किती दिवस थकलं की खातं एनपीए धरायचं ती मुदतही पुढे १८० दिवसांवरून ९० दिवसांवर आली.

‘ठेवी इतक्या पटींनी वाढल्या’ हे वाक्य प्रत्येक स्मरणिकेत असतं, पण रुपयाचं मोल उतरत गेल्यामुळे त्यातून फारसं कळत नाही. त्यापेक्षा दर १०० रुपये ठेवींमागे स्वनिधी, म्हणजे भागभांडवल अधिक राखीव व इतर निधी, किती होता ते काढावं. समजा ठेवी ४ कोटींच्या ४० कोटी झाल्या आणि स्वनिधी ४० लाखांचा १ कोटी. दोन्ही वाढले, पण शेकडा १० चा आधार अडीचवर आला. बँक मोठी झाली आणि तितकीच नाजूकही. असा तक्ता दर दहा वर्षांचा करावा: सभासद, स्वनिधी, ठेवी, कर्जं, वसुलीची टक्केवारी. आमच्या मते शाखांच्या उद्घाटनाच्या २० फोटोंपेक्षा हे एक पान मोलाचं.

मुलाखती फक्त माजी अध्यक्षांच्या घेऊ नयेत. वसुली अधिकारी, दारोदार फिरून रोजची छोटी ठेव गोळा करणारे पिग्मी एजंट, रोखपाल, शिपाई यांना गाठावं. ‘बँक कशी वाढली?’ असं विचारलं तर भाषण मिळतं. ‘संध्याकाळी कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) जुळली नाही तर काय करायचात?’ ‘पितळी टोकन कधी बंद झालं?’ असं विचारलं की कामकाज डोळ्यांपुढे उभं राहतं. सांगितलेलं वर्ष मात्र इतिवृत्तातून तपासूनच छापावं.

वाईट वर्षं गाळू नयेत. रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५-अ खाली निर्बंध घातले असतील तर तारीख, कारण आणि ते कधी उठले हे सरळ लिहावं. ठेवीदारांना ते आठवत असतंच. बुडीत कर्जदारांची नावं मात्र छापू नयेत, ग्राहकाची गुप्तता बँकेला पाळावीच लागते.

या सगळ्याला किमान ९ महिने धरावेत. त्यातले पाच नुसत्या वाचनात जातात. छपाईआधी मजकूर दोन निवृत्त कर्मचाऱ्यांना आणि एका लेखापरीक्षकाला वाचायला द्यावा. वह्यांच्या पानांच्या फोटोंचा एक संच बँकेत राहील, दुसरा गावच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावा.