इफ्फीत आंतरराष्ट्रीय चित्रपट कसे निवडावेत

भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजेच इफ्फी, 1952 साली सुरू झाला आणि 2004 पासून तो दरवर्षी गोव्यात भरतो. प्रतिनिधी म्हणून ऑनलाइन नोंदणी वेळेत करावी. त्यानंतरचे खरे काम निवडीचे असते.

वेळापत्रक हाती येताच प्रथम सुवर्णमयूर पुरस्काराच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील चित्रपट पाहावेत, कारण त्यांत अनेकदा असे दिग्दर्शक भेटतात ज्यांचे काम आपल्याकडच्या चित्रपटगृहांत पुढे क्वचितच लागते. कान, बर्लिन किंवा व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत गाजलेले चित्रपट पुढे ओटीटीवर येण्याची शक्यता अधिक असते; म्हणून दोन खेळ एकाच वेळी आले, तर माझ्या मते अपरिचित देशाच्या चित्रपटाला प्राधान्य द्यावे. पदार्पणाच्या चित्रपटांचा स्वतंत्र स्पर्धा विभागही असतो आणि तो मुळीच चुकवू नये. निवडताना केवळ कथासार वाचून न थांबता दिग्दर्शकाचे आधीचे काम, चित्रपटाची भाषा आणि लांबी हेही पाहावे.

आसनांचे आगाऊ आरक्षण सुरू होताच ते करावे. पणजीहून पर्वरीच्या चित्रपटगृहाकडे जायचे असल्यास मांडवी नदी ओलांडावी लागते, त्यामुळे दोन खेळांमध्ये पुरेसा अवधी ठेवावा. दिग्दर्शक उपस्थित असल्यास खेळानंतरच्या प्रश्नोत्तरांसाठी थांबावे आणि त्याकरिता पुढचा एखादा खेळ सोडावा लागला तरी तो निःसंकोच सोडावा.