घाट उतरण्याआधी डिस्क ब्रेक कसे तपासावेत, उतरताना कसे वापरावेत

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला जाताना गाडी हजार मीटरांहून जास्त खाली येते. १,२०० किलोच्या गाडीची तेवढ्या उतारावर मोकळी होणारी ऊर्जा ३० लिटरहून जास्त थंड पाण्याला उकळी आणेल. त्यातली काही हवेत, टायरांत, इंजिनात जिरते, उरलेली डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती) आणि पॅड (तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे ठोकळे) तापवते. ब्रेकची खरी परीक्षा ही उष्णताच घेते.

आधी ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारं तेल. सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे होतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पाय दाबला की ते दबतात आणि पेडल तळाला जातं. म्हणून साधारण दर २ वर्षांनी ऑइल बदलाच. डबीतली पातळी हळूहळू उतरली असेल तर नुसतं वरून भरू नका. पॅड झिजले की त्यांना दाबणारे पिस्टन पुढे सरकतात आणि ऑइल त्यांच्यामागे जातं. गळती असली तरी पातळी उतरते, तीही बघून घ्या.

मग पॅड. अलॉय व्हील असेल तर फटीतून टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो, पण आतला बऱ्याचदा जास्त झिजलेला असतो, कारण कॅलिपर, म्हणजे पॅड धरून दाबणारा भाग, ज्यांवर सरकतो त्या पिना अडकलेल्या असतात. चाक काढूनच बघायला सांगा. जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास आली की डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदला. तेल-ग्रीस लागलेला पॅड धुऊन वापरू नका. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या डिस्कवर आलेला पातळ गंज मात्र चार ब्रेक मारले की जातो.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता, तोच ठेवा. ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करा आणि सोडा. पाय पेडलवर ठेवून राहू नका. इंजिन बंद करून उतरणं तर जिवावरचं आहे, कारण पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची ब्रेकला मिळणारी मदतच जाते. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबा, गिअर टाका, चाकापुढे दगड लावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू किंवा तडकू शकते. पेडल मऊ लागलं तर ते भराभर दाबत राहा, गिअर एकेक उतरवा, हँडब्रेक हळूहळू ओढा.

साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर मागे कोणी नाही बघून दोन-तीनदा हलका ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरडी होते. आणि नवे पॅड टाकून दुसऱ्याच दिवशी घाटात जाऊ नका. डिस्कवर नीट बसायला त्यांना दोनेकशे किलोमीटर तरी द्या.