बंद गाडी आत येईल असं घर: जुन्या गाड्यांच्या नादिष्टाने बंगल्याचं नियोजन कसं करावं

जुन्या गाड्या उघडून नव्याने बांधायचा नाद असलेला माणूस घर बांधायला काढतो, तेव्हा भेटेल तो एकच सल्ला देतो: गॅरेज मोठं ठेव. मोठं गॅरेज हवंच, पण तेवढ्याने भागत नाही. मी सांगलीत स्वतःची दोन घरं बांधली आणि याच नादातल्या चार मित्रांच्या प्लॉटवर दोरी-चुना घेऊन उभा राहिलो. यांतली दोन गॅरेजं पार अडचणीची झाली. दोन्हीकडे जागा भरपूर होती, चुकली होती ती लेव्हल.

प्रोजेक्टची गाडी म्हणजे बंद गाडी. तिचं इंजिन बाकावर उघडून ठेवलेलं असतं, ब्रेकच्या नळ्या कोरड्या असतात, कधी कधी सीटही नसते. ती ढकलत नाहीतर ओढत आत न्यावी लागते. आर्किटेक्ट रॅम्प आखतो तो चालत्या गाडीसाठी, आणि चालती गाडी पहिल्या गिअरमध्ये कशीही चढते. म्हणून घराचा नकाशा करायला बसाल तेव्हा डोळ्यांसमोर बंद गाडी ठेवा.

जागा किती धरायची

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीच्या पार्किंगसाठी २.५ बाय ५ मीटर जागा धरली आहे. आर्किटेक्ट तेवढाच चौकोन काढून देतो. गाडी लावून घरात जायला तो पुरतो, कामाला पुरत नाही. गाडीच्या चारही बाजूंनी सव्वातीन फूट मोकळे हवेत, म्हणजे दार पूर्ण उघडतं आणि ट्रॉली जॅकचा (गाडी उचलायच्या चाकांच्या जॅकचा) दांडा खालीवर करता येतो. माझ्याकडे आहे ती प्रीमियर पद्मिनी साधारण १३ फूट लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद आहे, म्हणजे तिच्या एकटीसाठी १४ बाय २० फूट, भिंतीला लावलेलं दोन फुटी बाक धरून. रोजची गाडी शेजारी लावायची असेल तर रुंदी २२ फूट. उघडलेली गाडी दुप्पट जागा खाते. दारं, बॉनेट, सीटा, काचा कुठे ठेवणार ते आजच ठरवा, नाहीतर त्या पलंगाखाली जातात आणि घरात रोज कुरबुर होते. आम्ही मागच्या भिंतीला सात फुटांवर माळा काढला.

मार्जिनमध्ये, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून बांधकामापर्यंत सोडायच्या मोकळ्या जागेत, काय चालतं आणि काय चालत नाही, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

लेव्हल

इथे मात्र सावकाश वाचा.

पहिल्या घराच्या वेळी ठेकेदार म्हणाला, "साहेब, जोतं दोन फूट घेऊ, सगळं एका लेव्हलला, दिसायलाही छान." सांगलीत पुराच्या पाण्याची भीती प्रत्येकाच्या मनात असते, त्यामुळे मलाही ते पटलं. घर दोन फूट वर गेलं आणि त्याच लेव्हलला गॅरेज. फाटकापासून शटरपर्यंत जागा होती आठ फूट. म्हणजे आठ फुटांत दोन फूट चढ, फुटाला तीन इंच. कागदावर ती रेघ निरुपद्रवी दिसत होती.

माझी १९७८ ची पद्मिनी क्रेनने दारात आली. इंजिन आणि गिअरबॉक्स काढलेले, तरी साधारण आठशे किलोचं धूड. फुटाला तीन इंच चढावर आठशे किलोची गाडी खाली ओढ घेते ती जवळपास दोनशे किलोंची. आम्ही पाच जण ढकलत होतो. पुढची चाकं वर पोहोचली, मागची अजून रॅम्पवरच होती, आणि गाडीचं पोट नेमकं कडेवर टेकलं. सायलेन्सरचा पाइप काँक्रीटवर घासल्याचा आवाज अजून कानात आहे. पुढे जाईना म्हणून शेजाऱ्यांनी जरा उचलून बघितलं. पोट सुटलं आणि गाडी मागे निघाली. हँडब्रेकची केबल काढलेली होती. फाटकाच्या खांबावर आदळून ती थांबली. त्या खांबापाशी वडील उभे होते. हाक ऐकून दोन पावलं बाजूला झाले म्हणून वाचले. खांब दुसऱ्या दिवशी बांधून झाला, पण त्या घरात मी पुन्हा कधी बंद गाडी आणली नाही. पद्मिनी पावणेतीन वर्षं ताडपत्रीखाली राहिली आणि तिचे दारांखालचे पत्रे पार कुजले.

चूक साध्या गणिताची होती. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे ९२ इंच. माझ्या गाडीखाली सर्वांत खालचा भाग जमिनीपासून पाच इंचांवर होता. फुटाला तीन इंचांचा चढ एकदम सपाट झाला की ती कड दोन चाकांच्या बरोबर मध्ये साडेपाच इंचांहून वर येते. गाडी टेकणारच. फुटाला एक इंच चढ ठेवला तर तीच कड दोन इंचांच्या आत राहते आणि ओढ दोनशेवरून सत्तर किलोंच्या आत येते. तीन माणसं न धापता ढकलतात.

फुटाला एक इंच. मिस्त्रीला हेच शब्द सांगा, "एकास बारा" म्हणत बसू नका. यापेक्षा जास्त चढ घ्या म्हणणाऱ्या कोणाचंही ऐकू नका, तो स्वतः कितीही सराईत ड्रायव्हर असो.

आता उलटीकडून हिशोब करा. समोरचं मार्जिन दहा फूट असेल तर रॅम्पला फार तर नऊ फूट मिळतात, कारण रॅम्प फाटकाबाहेर गटारावर काढायचा नसतो. नऊ फूट म्हणजे नऊ इंच. गॅरेजची फरशी रस्त्यापासून नऊ इंचांपेक्षा वर नेता येत नाही, विषय संपला. घर दोन फूट, अडीच फूट, हवं तेवढं उचला. गॅरेजला त्याची वेगळी लेव्हल द्या. इथे आर्किटेक्ट कुरकुर करतो, कारण समोरून दोन वेगळी जोती दिसतात. दिसू द्या.

गॅरेज घरापेक्षा खाली असण्याचा आणखी एक फायदा जिवाशी संबंधित आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. गॅरेज आणि स्वयंपाकघर एका लेव्हलला असतील आणि मध्ये दार असेल, तर ती वाफ दाराखालच्या फटीतून थेट शेगडीकडे जाते. मधल्या दाराला किमान सहा इंचांची पायरी हवीच, आणि दार आपोआप बंद होणारं हवं.

रस्त्याची लेव्हल घेताना रस्त्याच्या मध्यावर घ्या, कडेला नको. आणि रस्ता आज आहे तिथे राहणार नाही हे धरून चाला. जुना थर न खरवडता वर डांबर टाकलं की दरवेळी रस्ता बोटभर, दोन बोटं चढतो. आमच्या गल्लीत जुनी घरं आता रस्त्याच्या खाली गेली आहेत आणि पावसाळ्यात अंगणात पाणी उभं राहतं. नऊ इंचांतले तीन इंच पुढच्या काही वर्षांत जाणार असं समजा, आणि फाटकाच्या रेषेत आडवा चर ठेवा, नऊ इंच रुंद, वर लोखंडी जाळी. जाळीच्या फटी अर्ध्या इंचाहून कमी, नाहीतर ट्रॉली जॅकचं चाक त्यात रुततं. शटरच्या रेषेत रॅम्प गॅरेजच्या फरशीपेक्षा अर्धा इंच खाली संपवा आणि कड गोल करून घ्या. वाऱ्याने येणारं पाणी तिथेच अडतं.

काँक्रीट पडण्याआधीची तपासणी कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतराएवढी सरळ लाकडी पट्टी घ्या. गाडीच्या पोटाखाली जेवढी मोकळी उंची आहे तेवढे पाय तिच्या दोन्ही टोकांना ठोका. मुरूम दाबून रॅम्पचा आकार तयार झाला की ही पट्टी फाटकापासून शटरपर्यंत सरकवत न्या. पट्टी कुठेही टेकली तर तिथे गाडी टेकणार. मुरूम दहा मिनिटांत खरवडता येतो, काँक्रीट फोडायला ब्रेकर आणावा लागतो. पट्टी सरकवताना मिस्त्री समोर असू द्या. माझ्या दुसऱ्या घराच्या मिस्त्रीने एका नजरेत ओळखलं आणि स्वतःच फावडं घेऊन मधला उंचवटा काढला.

लेव्हल पाण्याच्या नळीने घ्या. नळीत बुडबुडा राहिला तर इंचभर फसवते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी जुळतंय का ते बघा.

आणखी एक गोष्ट काँक्रीटच्या आधीच करायची. मागच्या भिंतीलगत, गाडीच्या मध्यरेषेवर, जाड सळईचा हुक प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या तुळईच्या) लोखंडात अडकवून बसवा, फरशीवर फक्त कडी दिसेल असा. त्या कडीला हाताने चालवायचा विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावला की एकटा माणूस गाडी तसूतसू आत घेतो, आणि बाहेर काढताना तसाच सोडत नेतो. नंतर ड्रिल मारून ठोकलेल्या बोल्टवर मी असा भरवसा ठेवणार नाही. विंच चालू असताना एक जण मागच्या चाकामागे ठोकळा सरकवत राहतो. ठोकळ्याला चार फुटांचा दांडा लावा, म्हणजे तो माणूस बाजूला उभा राहतो. गाडीच्या मागे रॅम्पवर कोणीही उभं राहायचं नाही. घरातल्या पोरांना हे आधी शिकवा.

फरशी

आमच्यासारखी काळी माती असेल तर ती उकरून टाका, मुरूम थरांत दाबा, सोलिंग (दगडांचा थर), पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि वर सळईसकट सहा इंच काँक्रीट. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशी सोबत नेते. पुढेमागे गाडी उचलायची दोन खांबांची लिफ्ट बसवायची असेल तर तिच्या कंपनीने मागितलेली जाडी आजच द्या. टाइल लावू नका. जॅकच्या चाकाखाली टाइल फुटते आणि सांडलेल्या ऑइलवर पाय घसरतो. घोटलेला कोबा उत्तम.

फरशीला दाराकडे उतार द्या असं सगळे सांगतात. मी देत नाही. स्टँडवर चढवलेली गाडी सपाट जमिनीवरच हवी; उतार फक्त शटरच्या आतल्या शेवटच्या तीन फुटांत. बाकी पाणी वायपरने ओढता येतं.

खड्डा

गाडीखाली उभं राहायला खड्डा करू नका. पेट्रोलची वाफ त्यात साचते, पावसाळ्यात पाणी भरतं, आणि लहान मूल असलेल्या घरात उघडा खड्डा हा विचारच सोडून द्या. चांगले स्टँड घ्या, पैसे साठले की लिफ्ट.

उंची बारा फूट, शटर दहा फूट रुंद. छताच्या बीमला इंजिन लटकवू नका, घडीची क्रेन मिळते. वीज वेगळ्या लाइनवर, सोळा अँपिअरचे चार पॉइंट, आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग. कॉम्प्रेसर झोपायच्या खोलीच्या भिंतीला लावू नका. रंगाचा स्प्रे घरात मारू नका.

घरच्यांसाठी

दुसऱ्या घराच्या वेळी आईचे गुडघे गेले होते, पुढे व्हीलचेअर लागणार हे दिसत होतं. व्हीलचेअरच्या रॅम्पला जास्तीत जास्त चढ किती, तर फुटाला एक इंच. बंद गाडीला लागतो तोच. तेव्हा घराचं जोतं मी अठरा इंचांवर थांबवलं, गॅरेज नऊ इंचांवर. गॅरेजच्या बाजूच्या भिंतीलगत, गाडीच्या वाटेबाहेर, नऊ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद रॅम्प घरात जाणाऱ्या मधल्या दारापर्यंत नेला, बाहेरून कठडा लावला. दारासमोर खुर्ची वळवायला पाच बाय पाच फूट सपाट जागा ठेवली. मधल्या दाराखाली नऊ इंचांचा फरक आहेच, त्यामुळे वाफेचाही प्रश्न नाही. हे काम नकाशातच करा. नंतर जोडलेला रॅम्प नेहमी उभा आणि अरुंद होतो.

रॅम्पवर झाडूने आडव्या रेघा ओढून घ्या, पॉलिश नको. पाणी दहा दिवस मारा, पोती टाकून, आणि अठ्ठावीस दिवस गाडी चढवू नका. आमची पद्मिनी एकोणतिसाव्या दिवशी आत आली. मी स्टिअरिंगवर होतो, मुलगी विंच फिरवत होती, पत्नी बाजूने ठोकळा सरकवत होती, आणि आई आतल्या रॅम्पवर खुर्चीत बसून किती फूट राहिले ते मोजत होती.