सुई टोचली, पण नोंद नाही: रुग्णालयाच्या सुरक्षा विभागात या चुका टाळा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका रुग्णालयात मी पर्यावरण, आरोग्य व सुरक्षा विभागात रुजू झालो, तेव्हा तिथल्या नोंदवहीत कित्येक महिने सुई टोचल्याची एकही नोंद नव्हती आणि मला ते चांगले लक्षण वाटले. या कामातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. शेकडो सुया रोज वापरल्या जातात तिथे वही कोरी राहते, याचा अर्थ बहुतेक वेळा लोक सांगत नाहीत एवढाच असतो.

एका सकाळी वापरलेल्या प्लास्टिक कचऱ्याच्या लाल पिशवीचे तोंड बांधताना सफाई करणाऱ्या एका मावशींच्या बोटात सुई शिरली. त्यांनी हातमोजा काढला, नळाखाली बोट धरले, नवा हातमोजा चढवला आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या. मला ते कळले संध्याकाळी, तेही एका सिस्टरांकडून. विचारल्यावर मावशी म्हणाल्या, “साहेब, ठेकेदार खाडा मांडेल म्हणून बोलले नाही.” त्या भीतीपोटी दिवसभराचा मोलाचा वेळ गेला होता. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून सुई टोचताच जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर स्पिरिट किंवा हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक) ओतू नये आणि लगेच अपघात विभागात जावे. हिपॅटायटिस ‘बी’च्या लशीचे ०, १ आणि ६ महिन्यांचे तीनही डोस कंत्राटी कामगारांचेही पूर्ण झाले आहेत का, हे कामावर घेतानाच तपासावे, कारण लस न घेतलेल्याला या विषाणूचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी अधिक असतो. कळवणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, हे ठेकेदाराकडून लेखी घ्यावे.

त्यानंतर बहुतेक ठिकाणी दुसरी चूक होते, ती म्हणजे प्रशिक्षणाचा आणखी एक वर्ग भरवून प्रकरण मिटवले जाते. आम्ही लाल पिशवीवरील बारकोडावरून वॉर्ड शोधला आणि तिथे उभे राहून पाहिले. सुयांचा पांढरा डबा नर्सिंग स्टेशनच्या टेबलाखाली होता. इंजेक्शन देऊन झाल्यावर सिस्टरांना उघडी सुई ट्रेमध्ये घेऊन तिथपर्यंत चालावे लागे, म्हणून कोणी सुईला टोपण परत बसवी, तर कोणी जवळच्या लाल पिशवीतच टाकून देई. डबा ट्रॉलीवर बसवला, तेव्हा तो प्रकार थांबला. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करून बदलावा, आणि लाल पिशवीत सुई असल्याचा संशय आला तर हात घालून निवड मुळीच करू नये. पिशवीवर तशी खूण करून ती कठीण पेटीत ठेवावी आणि कचरा नेणाऱ्यांना आधी सांगावे.

रंगांचा घोळ तक्ता वाचून सुटत नाही. सुई काढलेली सिरिंज, सलाईनची नळी, लघवीची पिशवी लाल रंगात. रक्ताने भिजलेला कापूस व पट्ट्या पिवळ्यात. काचेच्या कुप्या निळ्यात, एवढे प्रत्येक डब्याच्या झाकणावर चित्रासह चिकटवावे. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरून कचऱ्याची गाडी आली नाही, तर पिवळ्या पिशव्या गुपचूप साठवून ठेवू नयेत. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनुसार मानवी अवयव आणि रक्ताने माखलेला कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि ठेवावाच लागला तर योग्य काळजी घेऊन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारणासह कळवावे लागते.

हायपोच्या बाबतीत ‘एकास दहा’ हे प्रमाण डोळे झाकून वापरले जाते. कॅनवर ५ टक्के लिहिले असेल, तर १ टक्क्याच्या द्रावणासाठी एक भाग हायपो आणि चार भाग पाणी लागते. १० टक्के असेल तर नऊ भाग. द्रावण रोज नवे करावे आणि कॅन उन्हात ठेवू नये. संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. तसे झालेच, तर आधी सर्वांना बाहेर काढावे. पुसायला आत थांबू नये.

आगीचा विचार दिवसाच्या पाळीपुरता करणे ही मला तितकीच गंभीर वाटणारी चूक आहे. मुंब्र्यातील एका खासगी रुग्णालयाला २८ एप्रिल २०२१ रोजी पहाटे आग लागली आणि चार रुग्णांचा मृत्यू झाला. २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी व जुलैमध्ये नमुना ‘ब’ भरला जातो, परंतु ते प्रमाणपत्र आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे आहे. पहाटे वॉर्डात दोनच माणसे असताना रुग्ण कसे हलवायचे, हे त्यात नसते. म्हणून सराव रात्रपाळीतही घ्यावा आणि जिन्यात ठेवलेले स्ट्रेचर त्याच रात्री हलवावेत. अतिदक्षता विभागातील ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोणी, कोणाच्या आदेशाने आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांना सिलिंडर जोडल्यावरच बंद करायचा, हे व्हॉल्व्हच्या पेटीवर मराठीत ठळक लिहून रात्रीच्या सिस्टरांकडून त्याचा एकदा सराव करून घ्यावा.