मन थाऱ्यावर आलं ते पोहायला लागल्यावर (माझा अनुभव)

बाबा गेल्यावर झोपच उडाली होती, छातीत सारखी धडधड, कोथरूडहून हिंजवडीला जाताना बसमध्येच रडू यायचं. डॉक्टरांनी समुपदेशन सुरू केलं आणि जोडीला व्यायाम हवाच म्हणाले, मग पालिकेच्या तलावावर सकाळची लेडीज बॅच धरली.

मला वाटतं खरा फरक पडला तो श्वासामुळे. पाण्यात तोंड घालून नाकातून हळूहळू बुडबुडे सोडायचे, मान वळवून तोंडानं पटकन श्वास घ्यायचा, परत बुडबुडे... यात दुसरा विचार डोक्यात शिरायला जागाच राहत नाही, शिवाय गार पाण्यात चेहरा बुडाला की नाडी आपोआप मंदावते, शरीराची रचनाच तशी आहे. स्पीडच्या नादी लागू नका, दम लागला की कठडा धरून थांबा, शेजारच्या काकू बोलतातच, त्या गप्पांनीही फार बरं वाटायचं.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो यात सहज होतो. गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका प्लीज, आणि अगदीच असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फ्री आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही चालू असतो.