१०६ किलोचा सायकलवाला आणि त्याचं मागचं चाक

धंदा माझा तंबोरे लावायचा, मिरजेत. हौस सायकलची. वजन १०६ किलो. डॉक्टर गेली चार वर्षं ९० म्हणताहेत. पण चाक मी आजच्या वजनाला बांधतो, आणि तुमचंही वजन तीन आकडी असेल तर तुम्हीही तसंच बांधा. "दिवाळीपर्यंत उतरवतो" या हिशेबावर कुणी रिम घेऊ नये.

हे शहाणपण सांगोल्याच्या अलीकडे आलं. पंढरपूरकडे तंबोऱ्यांसाठी भोपळे बघायला निघालो होतो. टेम्पोनं गेलो असतो तर बरं झालं असतं, पण सायकल नवी होती. मागच्या चाकातून "टण्ण" असा आवाज आला. धंद्यामुळे तार तुटल्याचा आवाज मला झोपेतही कळतो, त्यामुळे खाली न बघताच उतरलो. २८ तारांचं चाक, उजव्या बाजूची एक तार हबजवळच्या (हब म्हणजे चाकाचा मधला गाभा) वाकणात तुटलेली. रिम लगेच आऊट, म्हणजे वाकडी झाली आणि ब्रेकला घासायला लागली. वाटेतल्या दुकानात नवी तार टाकून आऊट काढून घेतला. पंधरा दिवसांनी तिच्या शेजारची गेली, मग आणखी एक. तिसऱ्या तारेनंतर मी चाक खोलून बसलो.

तिथं एक गोष्ट लक्षात आली. तार जास्त ओढली जाऊन क्वचितच तुटते. ती तुटते ढिली पडून पडून. चाक फिरताना जी तार तळाशी, जमिनीच्या बाजूला येते तिचा ताण क्षणभर उतरतो, पुढे गेली की परत चढतो. मी, सायकल आणि सामान मिळून १२२ किलो, त्यातलं साठेक टक्के मागच्या चाकावर. टायरचा घेर दोन मीटरच्या थोडा वर, म्हणजे २०० किलोमीटरमध्ये प्रत्येक तारेला ही उघडझाप नव्वद हजारांच्या वर होते. पत्र्याचा तुकडा एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलं की जे होतं, तेच वाकणातल्या तारेचं होतं. म्हणून एक तुटली की बाकीच्याही तितक्याच थकलेल्या असतात. दोन तुटल्या की सगळ्या बदला. एकेक बदलत बसणं म्हणजे दर पंधरवड्याला दुकानदाराला भेटणं.

आता तारा किती? आपल्या गावठी काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या. दोन्हीकडे दुधाचे कॅन लटकवून दूधवाला त्याच चाकावर वर्षानुवर्षं फिरला. हे गणित कुणीतरी आपल्या आधीच करून ठेवलंय. मी पुढे ३२, मागे ३६ घेतो. ९० किलोच्या आतबाहेर असाल आणि रस्ता बरा असेल तर मागे ३२ चालतील. २०-२४ तारांची देखणी चाकं तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. २८ च्या ३६ केल्या तर वजन किती वाढतं, ते मी काट्यावर बघितलं: आठ तारा आणि आठ निपल (तार रिमला धरून आवळणारे छोटे नट) मिळून पन्नास-साठ ग्रॅम. एका अंड्याएवढं.

हलकेपणा आणायचा तो तारा कमी करून नाही, तारेची कंबर बारीक करून. दुकानात "१४ गेजची" म्हणून मिळते ती सरळ २ मिमीची तार. मला हवी होती दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी असलेली, डबल बटेड. डीटी स्विसची कॉम्पिटिशन किंवा सॅपिमची रेस, दोन्ही तशाच. बारीक तार जाड्या माणसाला कशी पेलणार, असं पहिल्यांदा मलाही वाटलं. पण तेवढ्याच ताणाला बारीक तार जास्त लांबते, आणि जी जास्त लांबलेली आहे ती रिम जराशी दबली म्हणून ढिली पडत नाही. तिचा उरलेला ताण तिला धरून ठेवतो. शिवाय धक्का मधल्या बारीक भागात जिरतो, वाकणापर्यंत कमी पोचतो. एका तारेमागे साधारण एक ग्रॅम वाचतो. दोन्ही चाकांच्या ६८ तारांत सत्तरेक ग्रॅम. म्हणजे जादा आठ तारांचं वजन तारांनीच परत केलं. याहून बारीक, १.५ मिमी कंबरेच्या तारा मिळतात, त्या मी मागच्या चाकाला लावत नाही. चाक लवतं, आणि निपल फिरवताना तार पीळ खात बसते.

निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचे घेतले तर जोडीमागे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम वाचतात, पण तार आवळायच्या चावीखाली कोपरे झिजतात आणि दमट हवेत ते तारेला धरून बसतात. कोकणात राहत असाल तर विचारही करू नका.

रिमवर मात्र कंजुषी नको. दोन तारांच्या मधला भाग रिमच सांभाळते, आणि खड्डाही तिलाच बसतो. मी पुढे डीटी स्विसची आर ४६० घेतली, मागे टीके ५४०. नावातला आकडा म्हणजेच ग्रॅममधलं वजन, त्यामुळे दुकानदार थापा मारू शकत नाही. मागची रिम टूरिंगची आहे, दिसायला ठोकळा. हरकत नाही, मागे बघतंय कोण. घेण्याआधी कंपनीने दिलेली वजनाची मर्यादा वाचा. ती बहुतेक वेळा नुसत्या माणसाची नसते, माणूस, सायकल आणि सामान मिळून असते. तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या रिमचा मोह मलाही झाला होता. दोनशे ग्रॅम वाचवायचे असले तर मी पाण्याची बाटली अर्धी भरतो.

हबचं थोडक्यात. स्वस्त गिअरच्या सायकलीत दात्यांचा गठ्ठा हबवर आट्यांनी चढवलेला असतो, त्याला फ्रीव्हील म्हणतात. त्यात उजव्या बाजूचे छर्रे आत राहतात आणि ॲक्सलचं, म्हणजे हबमधल्या दांड्याचं टोक बाहेर उघडं. आपल्या वजनाला ते वाकतं, पुढेमागे मोडतंही. कॅसेटच्या, म्हणजे दात्यांचा गठ्ठा नुसता सरकवून बसवायच्या हबमध्ये छर्रे पार कडेला असतात, ॲक्सलला आधार मिळतो. शिमानोचा टियाग्रा हब ३६ भोकांत मिळाला. छर्रे, कोन आणि वाटीची जुनी रचना, वर्षातून एकदा खोलून ग्रीस भरलं की झालं. डिस्क ब्रेक असेल तर पुढेही ३२ तारा आणि त्या एकमेकींना छेदून जाणाऱ्याच लावा. ब्रेकचा सगळा पीळ हबमधून तारांवर येतो.

तारांची लांबी हबच्या आणि रिमच्या मापावरून काढावी लागते. इंटरनेटवर त्याची गणितं तयार आहेत, पण रिमचं आतलं माप स्वतः घ्या. माझी पहिली ऑर्डर ३ मिमी आखूड आली, कारण मी छापील मापावर गेलो. तारेचं टोक निपलच्या खाचेपर्यंत यायला हवं. आखूड राहिलं तर सगळा भार निपलच्या डोक्यावर पडतो आणि डोकंच उडतं.

बांधताना प्रत्येक तार शेजारच्या तीन तारांना छेदून जाते. दोघींच्या वरून आणि तिसरीच्या खालून. आट्यांना बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा एक थेंब. तंबोऱ्याच्या पॉलिशसाठी माझ्याकडे असतंच. बसवताना निपल सरकतो, नंतर तेल सुकून त्याला हलकं धरून ठेवतं.

मग ताण. मागच्या चाकात उजव्या बाजूला कॅसेट असल्यामुळे हबची उजवी कड मध्याकडे सरकलेली असते. तिकडच्या तारा उभ्या, डावीकडच्या तिरक्या. रिम मधोमध राहायची तर उजव्या तारांना जास्त ओढावं लागतं आणि डाव्या निम्म्याच्या जरा वर राहतात. उजवीकडे मी १२० किलोपर्यंत जातो, रिमवाल्याने जास्तीत जास्त दिलेल्या आकड्याच्या आत राहून. डावीकडे ६५ ते ७०. भारी माणसाचं चाक आधी डाव्या बाजूलाच ढिलं पडतं. म्हणून भोकं मध्यापासून जराशी डावीकडे सरकवलेली रिम मिळाली तर अवश्य घ्या. तिच्यात दोन्ही बाजूंतला फरक कमी होतो.

हा फरक मी कानाने ऐकतो. टायर काढून, निपल आणि छेद यांच्यामध्ये तार नखाने छेडायची. तारेची कंपनं ताणाच्या वर्गमुळाच्या हिशेबात चालतात. उजवी बाजू तार षड्ज, म्हणजे वरचा सा मानली आणि डावी त्याच्या खालच्या पंचमावर, म्हणजे प वर आणली, तर कंपनं तीन-चतुर्थांश, म्हणजे ताण नऊ-सोळांश. छप्पन टक्के. १२० चे साडेसदुसष्ट! पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मी कारखान्यात एकटाच हसलो. अर्थात दोन्हीकडे तार एकाच जाडीची हवी आणि रिमची भोकं मधोमध हवीत. शिवाय कान फक्त नातं सांगतो, आकडा सांगत नाही. मुळातला षड्ज १२० चा आहे की ८० चा, त्यासाठी ताण मोजायचा मीटर लागतोच. पार्क टूलचा टीएम-१ मी एका मित्राकडून मागून आणतो. एकाच बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात आल्या की मग रिम सरळ आहे का ते बघायचं. अर्ध्या मिलिमीटरचा आऊट मला चालतो, पण एक तार बेसूर चालत नाही. उलट करणारे बरेच आहेत. त्यांचं चाक पहिल्या दिवशी काचेसारखं फिरतं आणि महिन्यात पुन्हा स्टँडवर येतं.

बारीक कंबरेची तार चावीबरोबर पीळ खाते. ती वळतेय का ते कळावं म्हणून मी दोन-तीन तारांना चिकटपट्टीचे छोटे झेंडे लावतो. झेंडा वळला तर पाव फेरा पुढे जाऊन तेवढाच मागे यायचं. ताण पुरा झाला की समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या हातात धरून जोरात दाबायच्या, दोन्ही बाजूंनी, चाकभर. हातमोजे घाला. करकर आवाज येतो, तो तारा आपापल्या जागी बसण्याचा. नवी तार तंबोऱ्यावर चढवली की आम्ही ती बोटाने ओढून घेतो, तसंच. त्यानंतर सूर उतरतो, परत चढवायचा. हे तीनदा.

माझी जोडी दोन किलोच्या किंचित वर भरली. जुनी २ किलो ३०० होती आणि सांगोल्यापर्यंतही धड पोचली नव्हती. त्यावर ३२ मिमीचे टायर, मागे ७५ आणि पुढे ६५ पीएसआय. हवा याहून कडक भरली तर चाक वेगवान वाटतं, पण प्रत्येक खड्डा थेट रिमला कळवला जातो.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा सगळ्या तारा छेडा. माझ्या डावीकडच्या दोन उतरल्या होत्या. पाव फेरा चावी. त्यानंतर वर्षभरात हात लावलेला नाही, फक्त पावसाळ्यानंतर हब खोलून ग्रीस भरलं. पंढरपूरच्या फेऱ्या तीन झाल्या. भोपळे मात्र टेम्पोनेच येतात.