कोलोसल कसा बघायचा: दारू, राक्षस आणि तो मदतीला धावणारा मित्र

घरात कोणी पीत असेल, किंवा स्वतःच पीत असाल आणि आता पुरे झालं असं वाटायला लागलं असेल, तर कोलोसल नक्की बघा. पण नुसता लावून बसलात तर अर्धा हातून निसटतो, म्हणून कसा बघायचा ते लिहितेय. २०१६ चा पिच्चर आहे, नाचो विगालोन्दो या स्पॅनिश दिग्दर्शकाचा, त्यात अ‍ॅन हॅथवे आणि जेसन सुडेकिस आहेत. खाली सगळी गोष्ट सांगणार आहे, शेवटसुद्धा, तेव्हा कोरा बघायचा असेल तर आधी बघून या.

सगळ्यात आधी, कोणाबरोबर बघताय ते ठरवा. समोरचा प्यायलेला असताना लावू नका, आणि बघता बघता "बघ, तुझं असंच आहे" हे तर अजिबात नको. टोमणा बसला की माणूस पिच्चर बघायचा थांबतो आणि स्वतःचा बचाव करत बसतो. सुट्टीची दुपार बरी.

गोष्ट थोडक्यात अशी. ग्लोरिया न्यूयॉर्कमध्ये बॉयफ्रेंडच्या घरी राहते, हातात काम नाही, रोज सकाळी पिऊन परत येते आणि दर वेळी नवीन कारण सांगते. एक दिवस तो तिची बॅग भरून ठेवतो. ती गावी येते, आईवडिलांच्या रिकाम्या घरात. तिथे लहानपणीचा मित्र ऑस्कर भेटतो, त्याचा स्वतःचा बार आहे, तो तिला तिथेच नोकरी देतो. आणि सकाळी ८ वाजून ५ मिनिटांनी ती गावातल्या मुलांच्या खेळायच्या मैदानात पाऊल टाकते तेव्हा तिकडे कोरियात, सेऊलमध्ये, एक अवाढव्य राक्षस उभा राहतो आणि ती जे करेल तेच करतो.

पहिल्यांदा बघताना फक्त राक्षसावर लक्ष ठेवा. ती रात्रभर पिऊन मैदान ओलांडते, तिला काहीच कळत नाही, झोपून उठते आणि बातम्यांमध्ये बघते की सेऊलमध्ये माणसं मेली. मग टीव्हीवरचा राक्षस डोकं खाजवतो आणि ती दचकते, कारण ती सवय तिची आहे. इथे पॉज करा, खरंच करा. पिणाऱ्याला रात्रीचं काही आठवत नाही आणि घरच्यांना सगळं आठवतं, हे आपण कितीही बोललो तरी समोरच्यापर्यंत पोचत नाही, पण इथे तिला ते बाहेरून, स्वतःच्याच अंगाच्या हालचालीतून दिसतं. मुद्दाम केलं नव्हतं हे शंभर टक्के खरं, आणि तरी माणसं मेली हेही खरं, पिच्चर दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवतो आणि कुठलीच सोडत नाही. पुढे ती मैदानातल्या मातीत कोरियन भाषेत माफी लिहिते, परत होणार नाही असं लिहिते. तिला तेव्हा मनापासून तसंच वाटत असतं, आपणही घरी हे वाक्य ऐकलेलंच असतं ना. फरक एवढाच की ती नंतर खरंच ग्लास खाली ठेवते.

दुसऱ्यांदा बघाल (आणि बघाच) तेव्हा ग्लोरियाला सोडा, फक्त ऑस्करकडे बघा. माझ्या मते खरा पिच्चर इथे आहे. पहिल्या तासात तो काय काय देतो ते मोजा: टीव्ही आणून देतो, नोकरी देतो, नंतर घरात फर्निचर, आणि तिने रात्री नशेत हो म्हटलेलं तिला सकाळी आठवतही नसतं. पिणाऱ्या मुलीला बारमध्ये नोकरी, बार बंद झाल्यावर पहाटेपर्यंत तिच्याबरोबर पीत बसायचं. पहिल्यांदा बघताना तुम्हालाही तो देवमाणूस वाटलेला असतो, मलाही वाटला होता, आणि दिग्दर्शकाला तेच हवंय. आपल्याकडे पण "किती करतो गं तो तुझ्यासाठी" म्हणणारे भरपूर असतात.

मग कळतं की मैदानात ऑस्कर उतरला की सेऊलमध्ये रोबो उभा राहतो. ती सुधारायला लागते आणि नेमका तेव्हाच तो बिघडतो. ती बिअर नको म्हणते तर तो धमकी देतो की प्यायली नाहीस तर मी मैदानात जातो. दुसऱ्या दिवशी माफी मागतो, सामान आणून देतो. जुना बॉयफ्रेंड तिला न्यायला येतो तेव्हा हा भर बारमध्ये भलामोठा फटाका लावतो, नुसतं दाखवायला की मी काहीही केलं तरी ही मला सोडून जाणार नाही. गेलीस तर रोज सकाळी मी मैदानात, हे तिला ठणकावून सांगतो. "तू गेलीस तर मी जिवाचं काहीतरी करून घेईन", "पोरांचं काय ते बघतो मी" हे ज्यांनी ऐकलंय त्यांना तो सीन समजावून सांगायची गरज पडणार नाही.

म्हणून बघताना एक गोष्ट डोक्यात पक्की करा, दारू सुटली म्हणजे माणूस सुटला असं होत नाही. ती दारू सोडते तरी ऑस्कर तिथेच असतो, उलट जास्त चवताळतो, कारण त्याला ती पडलेलीच हवी असते. लहानपणीचा फ्लॅशबॅक नीट बघा, तिचा शाळेचा प्रोजेक्ट तो पायाखाली तुडवतो, तेव्हा दारूचा थेंबही नव्हता मध्ये. "प्यायला की असा होतो, एरवी चांगला आहे" हे आपण किती सहज बोलतो!

बाकीच्यांकडेही एक नजर टाका. बॉयफ्रेंड टिम दारूबद्दल बोलतो ते खरं असतं, पण त्याचा सूर मालकाचा. आणि ऑस्करचा मित्र जोएल, सगळं बघतो आणि गप्प बसतो. नातेवाईकांना दाखवायचा असेल तर मी जोएलवरच बोट ठेवीन.

शेवटी ती मैदानात भांडत बसत नाही, विमान पकडून सरळ सेऊलला जाते, म्हणजे राक्षस आता तिच्या गावात, ऑस्करसमोर उभा राहतो. ऑस्करच्या जागेवर, त्याच्या नियमांनी लढायचं सोडलं तेव्हा ती जिंकते. नंतर ती तिथल्या एका बारमध्ये शिरते, तिथली बाई विचारते काही पिणार का, आणि ती फक्त सुस्कारा सोडते. उत्तर दाखवलेलं नाही. ते काय असेल यावर बघून झाल्यावर बोला, प्रवचन न देता.

आणि बोलणं पुढे गेलंच तर कामाच्या गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम, घरच्या घरी बंद करू नये, हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं इथपर्यंत जाऊ शकतं आणि जिवावर बेततं, आधी डॉक्टर. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) च्या मीटिंगा फुकट असतात, आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे, तिथे पिणारा सोबत यावा लागत नाही. व्यसनासाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, आणि घरात ऑस्कर असेल तर महिलांसाठी १८१. नंबर फोनमध्ये सेव्ह करायचा तर दुसऱ्या नावाने करा, कारण असे लोक फोन तपासतात.